एकदा दिलेली क्षमा

माझ्या सासूबाईंकडे लोक क्षमा मागायला यायचे. दुसऱ्यांच्या घरी विरजण मागायला जातात ना, तितक्या सहज.

आमच्या लोकांत त्यासाठी पाद्री लागत नाही. ज्याच्या मनावर ओझं असेल त्यानं कुणाही विश्वासी माणसापुढे जायचं आणि "मला क्षमा आहे का?" एवढंच विचारायचं. समोरच्यानं त्याच्या गळ्यात हात टाकून म्हणायचं, "आहे. येशूच्या नावानं आणि रक्तानं सगळं क्षमा झालं, विश्वास ठेव." पाप कोणतं ते सांगायची सक्ती नाही. ताकाला जाऊन भांडं लपवलेलं आमच्यात चालतं. आणि कुणी सांगितलंच, तर ऐकणाऱ्यानं ते तिथल्या तिथे विसरायचं. कृपेच्या समुद्रात बुडालं म्हणायचं. त्या समुद्रात पुन्हा गळ टाकायचा नाही, हा आमचा सगळ्यात जुना नियम आहे.

गावात विश्वासी माणसं काही कमी नव्हती, पण लोक सायमी कुर्त्तीकडेच, म्हणजे माझ्या सासूबाईंकडेच येत. सासूबाई मऊ होत्या म्हणून नव्हे. मऊपणाचं आणि त्यांचं वाकडंच होतं. बुटक्या, रुंद, अंगाला गोठ्याचा वास, आणि जीभ अशी की नदीपलीकडे झोपलेला माणूस उठून बसेल. पण त्या प्रश्न विचारायच्या नाहीत. क्षमा सांगून झाली की म्हणायच्या, "आता कॉफी पी आणि निघ, माझ्या गाई ताटकळल्यात." रडवेल्या माणसाला तेवढंच हवं असतं. कॉफीत सासूबाईंनी घरी केलेल्या चीजचा तुकडा बुडवून तो खायचा, नाक पुसायचा आणि घरी जायचा.

या घरात मी लग्न होऊन आले. त्यांचा धाकटा मुलगा यालमारी माझा नवरा. बाकीची मुलं एकेक करून शेजारच्या देशात, स्वीडनला, गाड्यांच्या कारखान्यांत निघून गेली होती. सासरे जंगलतोडीत झाड अंगावर पडून कधीच गेले होते. त्या वेळी सासूबाई म्हणाल्या होत्या, "देवानं दिलं, देवानं नेलं," आणि दुसऱ्या दिवशी गाईंचं दूध काढायला बसल्या होत्या. ही गोष्ट गावात अजून सांगतात. मला ती ऐकूनच त्यांची भीती वाटायची.

यालमारी गेला तो एप्रिलमध्ये. आमच्याकडे हिवाळाभर गोठलेल्या नदीवरून गाड्या जातात. बर्फावर दोन्ही कडांना सूचिपर्णी झाडांच्या फांद्या रोवलेल्या असतात, त्यांच्यामधून जायचं. त्या आठवड्यात रस्तेवाल्यांनी फांद्या उपटून नेल्या. म्हणजे रस्ता बंद. पण आमच्या प्रार्थनाघरातले उपदेशक इसाक्की यांना पलीकडच्या गावात सभा घ्यायची होती. पूल लांब होता, त्यावरून गेलं तर सभा चुकणार होती. ते आमच्या अंगणात येऊन उभे राहिले.

"प्रभूच्या कामाला निघालेल्याखाली बर्फ टिकतो," ते म्हणाले.

यालमारी घुटमळला. त्यानं आईकडे पाहिलं. आणि सासूबाई म्हणाल्या, "जा, घेऊन जा त्यांना. देवाच्या कामाला पाय मागे घेऊ नये."

कच्च्या बर्फावरून जाताना गाडीची दारं उघडी ठेवायची असतात, म्हणजे बर्फ फुटला तर उडी मारता येते. लहान पोरालाही हे ठाऊक असतं. इसाक्की थंडीनं कुडकुडत होते. वारा आरपार येतो म्हणाले. मग यालमारीनं आपल्या बाजूचं दार लावून घेतलं. म्हाताऱ्या इसाक्कींचं उघडंच राहिलं. बर्फ फुटला. म्हातारा वाचला.

यालमारीची शवपेटी अंगणात ठेवलेली असताना इसाक्की सासूबाईंकडे आले. "सायमीबहिणी, मला क्षमा आहे का?" म्हणाले. या खेपेला भांडं लपवलं नव्हतं. काय झालं ते साऱ्यांना ठाऊक होतं. सासूबाईंनी त्यांच्या गळ्यात हात टाकले आणि सगळे शब्द म्हटले, एकही गाळला नाही. मी बाजूला उभी होते. मला त्यांनी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय केलं असतं, ते न सांगितलेलंच बरं.

त्यानंतरच्या वर्षात घरात आम्ही दोघी आणि गाई. मी रडायचे, भांडी आपटायचे, प्रार्थनाघरात जायचं नाही म्हणायचे. सासूबाई जायच्या. जेवणाआधी त्यांचे ओठ हलायचे. लोक यायचे, क्षमा मागायचे, त्या द्यायच्या. मला वाटायचं, ही बाई आहे की खडक? पोटचा पोर गेला आणि हिच्या डोळ्याला पाणी नाही. मनातल्या मनात मी त्यांना बरंच काही बोलले त्या वर्षी.

आणि खरं काय होतं ते मला माहीतच नव्हतं. माहीत होतं हुल्डाला.

हुल्डा आमची शेजारीण. सासूबाईंची शाळेपासूनची मैत्रीण. दर शनिवारी दोघी आमच्या साउनामध्ये वाफ घ्यायला बसायच्या. पन्नास वर्षं एकमेकींची पाठ घासली त्यांनी. अशाच एका शनिवारी सासूबाई तिला म्हणाल्या, की यालमारी गेल्यापासून मी देवाशी एक शब्द बोललेले नाही. ओठ हलवते, पण आत काही नसतं. लोकांना त्याच्या नावानं क्षमा सांगते, आणि तो तिथे आहे की नाही हेही मला समजत नाही. मी माझा मुलगा त्याच्या शब्दावर पाठवला आणि त्यानं मला फसवलं. एवढं बोलून त्यांनी विचारलं, "हुल्डा, मला क्षमा आहे का?" आणि हुल्डानं घामेजल्या हातांनी त्यांना मिठी मारून सांगितलं, आहे.

म्हणजे ते बुडालं. समुद्रात गेलं. तिथे गळ टाकायचा नव्हता.

हुल्डानं टाकला. ती इसाक्कींकडे गेली आणि सगळं सांगून आली. मैत्रिणीच्या आत्म्याची काळजी वाटली म्हणे. काळजी! आमच्यात कुणाची मान कापायची असली की आधी काळजीच वाटते.

यानंतरचं मी डोळ्यांनी पाहिलं. त्याच संध्याकाळी हुल्डा आमच्या गोठ्यात आली. सासूबाई गाईखाली बसल्या होत्या. हुल्डा दारातच रडायला लागली.

"सायमी, मला क्षमा आहे का गं?"

"अगं, आत तरी ये. गाय बुजेल."

"आधी सांग. आहे का?"

सासूबाई उठल्या, झगा झटकला आणि दुधाच्या हातांनी तिला जवळ घेतलं. कशाबद्दल, असं एका शब्दानं विचारलं नाही. त्यांनी कधीच कुणाला विचारलं नव्हतं. सगळं म्हटलं, आणि वर म्हणाल्या, "पुस ते डोळे. जनावरांपुढे रडू नये, दूध आटतं." हुल्डा हसली आणि गेली. मला वाटलं, सुनेशी भांडली असेल.

आठवडा झाला नाही तोच प्रार्थनाघरातून निरोप आला की सायमी कुर्त्तीसाठी सभा ठेवली आहे. त्या दिवसांत अशा सभा फार व्हायच्या. कुणाच्या घरी टीव्ही सापडला, कुणी पोरीला ओठ रंगवू दिले, की त्याला सगळ्यांसमोर उभं करून समज द्यायची. सासूबाईंना वाटलं चीज विकण्यावरून काही असेल. मी पण गेले, वर्षात पहिल्यांदा.

इसाक्की पुढच्या टेबलाशी उभे होते. म्हणाले, "सायमीबहिणी, यालमारी गेल्यापासून तू प्रार्थना केलेली नाहीस, हे खरं का?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या इसाक्कींकडे बघत नव्हत्या. त्यांनी मान वळवून हुल्डाकडे पाहिलं. हुल्डा चौथ्या बाकावर गुडघ्यांकडे बघत बसली होती. गोठ्यातली ती क्षमा कशासाठी होती, ते सासूबाईंना तेव्हा कळलं.  

"खरं आहे," त्या म्हणाल्या.

"आणि त्या काळात तू लोकांना क्षमा सांगत होतीस?"

"लोक मागत होते."

"पण तुझ्यात विश्वास नव्हता."

"विश्वास होता की नव्हता मला ठाऊक नाही, इसाक्कीभाऊ. राग होता. तेवढं ठाऊक आहे."

तेवढ्यात मागून एक बाई ओरडली, "मग माझी क्षमा? मी सेंट मायकेलच्या सणाला घेतली होती हिच्याकडून!" झालं. खडा पडावा आणि सगळं मोहोळ उठावं तसं झालं. माझी लेंटच्या उपवासातली, माझी आजारपणातली, माझ्या नवऱ्यानं तर मरायच्या आधी हिच्याकडूनच घेतली हो, आता त्याचं काय? एका म्हातारीला भोवळ आली. अविश्वासी तोंडातून आलेली क्षमा लागू होत नाही, ही आमची शिकवण. म्हणजे वर्षभर अर्धं गाव पापांसकट हिंडत होतं.

प्रार्थनाघर चालवणाऱ्या मंडळातल्या माणसांनी डोकी जवळ आणली आणि निकाल दिला, की सायमीनं आपण अविश्वासात होतो हे कबूल करावं आणि नव्यानं क्षमा मागावी. बाकी सगळ्यांनी आपापली क्षमा दुसऱ्या कुणाकडून पुन्हा घ्यावी.

"मी देवाला सोडलं होतं असं मला म्हणता येणार नाही," सासूबाई म्हणाल्या. "तसं म्हटलं तर खोटं होईल."

"मग तू आमच्यातली नाहीस," इसाक्की म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरोखरच दुःख होतं. त्याचा मला जास्त राग आला.

मग त्या प्रार्थनाघरात जे सुरू झालं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. लोक बाकांवरून उठले आणि एकमेकांच्या गळ्यात पडून नव्यानं क्षमा घ्यायला लागले. रडणं, मिठ्या, "आहे, आहे, विश्वास ठेव." माझ्या सासूनं दिलेलं सगळं त्यांनी आमच्यासमोर शिळ्या अन्नासारखं फेकून दिलं. आणि इसाक्की टेबलामागून निघाले. मला वाटलं, हे आता सासूबाईंकडे येणार. ते आमच्या पुढून गेले आणि वाइनोच्या गळ्यात पडले. वाइनो म्हणजे दूधगाडीचा ड्रायव्हर. "यालमारीच्या बाबतीतली," असं काहीसं इसाक्की पुटपुटले. आणि वाइनोनं, भल्या माणसानं, त्यांची पाठ थोपटत सांगितलं, "आहे, भाऊ, सगळं क्षमा झालं."

मी उभी राहिले. "वाइनोचं काय गेलं होतं हो?" मी ओरडले. "नवरा माझा, मुलगा हिचा, आणि क्षमा दूधवाल्याकडून?"

वाइनो बिचारा लालबुंद झाला. सासूबाईंनी माझी बाही ओढली.

"चल राकेल. गाई ताटकळल्यात."

त्या दिवसापासून सायमी कुर्त्तीकडे कुणीही क्षमा मागायला आलं नाही. पुढे वीसेक वर्षं त्या जगल्या, तेवढ्यात एकदाही नाही. विश्वासी माणसं भेटली की एकमेकांना "देवाची शांती" म्हणतात. त्यांना लोक "नमस्कार" म्हणायला लागले, जसं विमा विकायला आलेल्या माणसाला म्हणतात. तरी त्या दर रविवारी जायच्या आणि दाराजवळच्या बाकावर बसायच्या. मी कितीदा म्हटलं, "आई, थुंका त्यांच्या नावानं, नका जाऊ." तर म्हणायच्या, "ते घर त्यांच्या बापाचं आहे का? असलंच तर माझ्याही बापाचं आहे." पण हे पुढचं झालं. त्या वर्षीच्या पानगळीत त्या असं काही बोलत नव्हत्या. तेव्हा त्या नुसत्या बसून राहायच्या. कॉफी निवून जायची. मी त्यांना गाईचं नाव विचारलं तर दुसऱ्याच गाईचं सांगायच्या. मुलगा गेला तेव्हा न मोडलेली बाई आता मोडली असं मला दिसत होतं, आणि काय करावं सुचत नव्हतं.

एकदा बटाटे काढताना मी विचारलंच. मला तेही सलत होतं. "हुल्डाला सांगितलंत. मी भिंतीपलीकडे झोपत होते. मला का नाही सांगितलंत?"

त्या मातीतच बघत म्हणाल्या, "तुझा नवरा होता तो. तू आधीच वाकली होतीस, तुझ्यावर आणखी मी कुठे रेलू?"

"मी तुम्हाला खडक समजत होते."

"मीही तुला बिनडोक समजत होते. भांडी फोडायचीस." त्या जराशा हसल्या. मग हसू गेलं. "हुल्डानं विकलं ते एक वेळ समजेल मला, राकेल. माणसं भित्री असतात. पण त्यानं? वर बसलाय त्यानं? आधी मुलगा घेतला. मग ज्या एका जागी मी तोंड उघडलं, तीही घेतली. आता ही मंडळी म्हणतात, वर्षभर तो तुझ्याजवळ नव्हताच. खरं असेल गं ते. मी हाक मारली नाही, आणि तोही निघून गेला असेल."

मी नुसते बटाटे बादलीत टाकत राहिले.

तेवढ्यात हुल्डा शेताच्या कडेनं येताना दिसली. डोक्याला रुमाल, पायात नवऱ्याचे बूट. चार सरी अलीकडे येऊन ती थांबली. तिचं तोंड इतकं उतरलं होतं की मी ओळखलं, ही आजारी असणार. मी फावडं घट्ट धरलं. मारायला नव्हे, म्हणजे, बहुतेक नव्हे.

"सायमी," ती म्हणाली, "मला झोप येत नाही."

"मग दिवसा झोप."

"थट्टा करू नकोस गं. सगळ्यांनी पुन्हा घेतली. मला घेता येत नाही. दुसऱ्या कुणाकडे जाऊन काय सांगू? माझं पाप तुझ्याविरुद्ध आहे. गुपित फोडल्याचं पाप. ते तुझ्याकडूनच सुटायला हवं."

"मी दिली तुला. गोठ्यात."

"पण ती… ती लागू नाही ना! मंडळानं सांगितलं. तू तेव्हा…" तिला पुढे बोलवेना. ती चिखलात गुडघ्यांवर बसली. "या वेळी सगळं सांगून मागते. मी तुझं बोलणं इसाक्कींना सांगितलं. मला भीती वाटली, मग मनाला टोचायला लागलं, मग न सांगताच तुझ्याकडे आले, कारण सांगितलं असतं तर तू दिली नसतीस. मी तुला फसवलं. एकदा सांगून, एकदा न सांगून. आता आहे का मला क्षमा? पुन्हा एकदा म्हण, सायमी. पाया पडते."

मी सासूबाईंकडे बघत होते. मला वाटत होतं, म्हणू नका. आणि हेही वाटत होतं, की म्हणा आणि संपवा. त्यांनी नुसतं "हो" म्हटलं असतं तर हुल्डा सुटली असती. कदाचित मंडळाकडे जाऊन दोन शब्दही बोलली असती.

सासूबाई कमरेवर हात ठेवून सरळ झाल्या. 

"नाही," त्या म्हणाल्या.

हुल्डाच्या तोंडून आवाज निघाला, माराखाली जनावराचा निघतो तसा.

"ऐक नीट. दुसऱ्यांदा म्हणणार नाही. दुसऱ्यांदा म्हणणं म्हणजे पहिली खोटी होती असं म्हणणं. त्या संध्याकाळी मी गाईखालून उठून तुला जवळ घेतलं, तेव्हा तो तिथे होता, हुल्डा. मी बोलत नव्हते त्याच्याशी, पण होता तो! यालमारीच्या पेटीजवळ त्या म्हाताऱ्याच्या गळ्यात हात टाकले, ती ताकद काय माझी होती? माझी असती तर मी त्याचा गळा दाबला असता. तो तिथे नव्हता अशी साक्ष मी देणार नाही. तुझी झोप यावी म्हणूनही नाही. जी दिली ती खरी होती. घ्यायची तर ती घे. नसेल घ्यायची तर तुझ्या मंडळाकडे जा आणि आणखी एक दूधवाला शोध."

"मग मला सगळ्यांसमोर म्हणावं लागेल, की तुझ्यात तेव्हाही विश्वास होता…"

"ते तुझं तू बघ."

हुल्डा उठली, गुडघे झटकले आणि आली तशी कडेनं निघून गेली. रविवारी ती काही बोलली नाही. नंतरही कधी बोलली नाही. दारात भेटली की खाली बघून "नमस्कार" म्हणायची, आणि सासूबाई मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायच्या, "देवाची शांती, हुल्डा." शनिवारी साउना मीच तापवायचे. पाठ घासायला मीच असायचे.

पण त्या बटाट्यांच्या दुपारचं सांगायचं अजून राहिलंय. हुल्डा दिसेनाशी झाल्यावर सासूबाई सरीतच मटकन बसल्या. मी घाबरून धावले.

"काय झालं आई? चक्कर आली का?"

"मी काय बोलले आत्ता?" त्यांनी मला विचारलं. चेहरा पांढराफटक पडला होता. "राकेल, मी काय म्हटलं तिला?"

"तो तिथे होता म्हणालात."

"मला माहीत नव्हतं ते." त्यांनी मातीचे हात मांडीवर पुसले, परत पुसले. "देवाशप्पथ सांगते, बोलेपर्यंत मला माहीत नव्हतं."

मग त्या माझ्या खांद्याला धरून उठल्या. तोंडावर हळूहळू रंग येत होता, पण तो शांतीबिंतीचा नव्हता. मला त्यांचा तो चेहरा ओळखीचा होता. सासऱ्यांचा भाऊ बैल विकून दारू पिऊन आला होता, तेव्हा त्याला सामोरं जाताना असाच झाला होता.

"म्हणजे सगळा वेळ तिथेच होता," त्या म्हणाल्या. "बघत होता. आणि एक शब्द बोलला नाही. थांब, बघतेच त्याच्याकडे."

त्या तरातरा गोठ्यात गेल्या आणि धाडकन दार लावून घेतलं. मी बादली उचलून मागून गेले. आत जायची हिंमत झाली नाही, भिंतीशी उभी राहिले. आधी नुसता गाईंचा आवाज येत होता. मग त्यांचा आवाज आला. पहिल्यांदा दबका, मग चढलेला, मग असा की कोंबड्या फडफडल्या. कुणाला बोलतात तसं त्या बोलत होत्या, समोर उभ्या असलेल्या माणसाला. शरम नाही वाटली तुला, त्या विचारत होत्या, एक दार उघडं ठेवता आलं नाही तुझ्या हातून? एवढंसं दार? आणि मधेमधे माझ्या नवऱ्याचं नाव, दीड वर्षात त्यांनी एकदाही न उच्चारलेलं, यालमारी, यालमारी. आणि त्या रडत होत्या.

मी दाराला कान लावून होते. त्या थांबायच्या, कुणी उत्तर देत असावं तशा गप्प राहायच्या, आणि पुन्हा भांडायला लागायच्या.